न आलेल्यांची हजेरी

दोंडाईचा हे तापी खोऱ्यातील, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे गाव. मिरचीच्या बाजारामुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. आसपासच्या खेड्यांतून रोज सकाळी एस. टी. बसने आणि पॅसेंजर गाडीने येथे जी माणसे उतरतात, त्यांत बाजारासाठी आलेल्या शेतकऱ्यांबरोबर पाठीला दप्तर लावलेल्या मुलीही असतात. यांतील अनेकींच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यांच्या शिक्षणाचा आधार फार साधा असतो. सवलतीचा पास, वेळेवर येणारी बस, सोबतीला दोन मैत्रिणी आणि घरच्यांचा होकार, एवढ्यावर सारे उभे असते. यांपैकी एक गोष्ट निसटली तरी बाकीच्या डळमळू लागतात.

मार्च 2020 मध्ये या सर्व गोष्टी जवळजवळ एकाच वेळी निसटल्या. महाविद्यालये महिन्याच्या मध्यासच बंद झाली. 22 मार्चला जनता कर्फ्यू पाळला गेला, त्याच दिवशी प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या, पाठोपाठ एस. टी. थांबली आणि 25 मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. मैत्रिणी आपापल्या गावी राहिल्या. त्या दिवसांत ज्या संस्थांचे अस्तित्वच एकत्र येण्यावर अवलंबून होते, त्यांपुढे मूलभूत प्रश्न उभा राहिला. जमण्यास बंदी असताना सभा कशाला म्हणायचे?

खानदेशातील महाविद्यालयीन मुलींची अशी एक संस्था म्हणजे युवतीसभा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आजच्या तीन जिल्ह्यांसाठी 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतून ती चालते. आरोग्य तपासणी, स्वसंरक्षणाचे धडे, कायद्याची ओळख, व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्याने असे तिचे नेहमीचे कार्यक्रम असतात. कागदावर ही यादी रूक्ष वाटते. परंतु ज्या मुलीला चार लोकांसमोर बोलण्याचा प्रसंगच आला नाही, तिने प्रथम आभारप्रदर्शन केले ते अशाच एखाद्या सभेत. आजारपणाविषयी आईलाही न विचारलेला प्रश्न तिने प्रथम एखाद्या डॉक्टर बाईंना विचारला तोही येथेच. समाजातील महिला मंडळ किंवा बहू मंडळ ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना या सभेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थिनींच्या अशा मंडळांना ‘सोरोरिटी’ म्हणतात. बहीण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. मुलींना विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण वर्गात त्यांची संख्या मोजकी आणि वागणूक परकेपणाची, अशा काळात, 1870 नंतर ही भगिनीमंडळे उदयास आली. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी 1908 साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन केलेले ‘अल्फा काप्पा अल्फा’ हे मंडळ त्यांतील एक. अमेरिकेच्या उपाध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस याच मंडळाच्या सदस्य. या मंडळाच्या भगिनींनी 1935 ते 1942 या काळात उन्हाळ्याच्या सुट्टीत मिसिसिपी राज्यातील कापूस पिकवणाऱ्या भागात आरोग्यसेवेचा उपक्रम चालवला. डॉ. डोरोथी फेरेबी यांचे त्यास नेतृत्व होते. शेतमजुरांची कुटुंबे दवाखान्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत हे दिसताच या स्त्रियांनी आपल्या मोटारींतून दवाखानाच त्यांच्यापर्यंत नेला आणि मुलांना देवी व घटसर्पाच्या लसी टोचल्या. जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे आपण जावे, हा भगिनीभावाचा अर्थ त्यांनी कृतीने सांगितला.

साथीच्या वर्षी याच अर्थाची कसोटी लागली. समुद्रापलीकडच्या त्या मंडळांनी आपल्या बैठका, नव्या सदस्यांचे स्वागत, निरोपसमारंभ हे सारे संगणकाच्या पडद्यावर नेले. खानदेशातील महाविद्यालयांनीही तोच मार्ग धरला. व्याख्यानांची जागा वेबिनारने घेतली, भित्तिपत्रकांची जागा मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांनी घेतली, आणि प्रश्नमंजूषा सोडवताच ई-प्रमाणपत्र हाती पडू लागले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी घरोघरी मुखपट्ट्या शिवल्या. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झालेल्या या योजनेचा सेवाभाव त्या काळात उपयोगी पडला. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य शासनाची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम आली. संवत्सरीची क्षमापनाही त्या वर्षी अनेक घरांनी दूरध्वनीवरूनच केली होती. दूर राहूनही जवळीक जपता येते, हे सर्वांनाच शिकावे लागले.

या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या शिक्षिकांनी स्वतःच्या घरातील आजारपण सांभाळून हे कार्यक्रम चालू ठेवले, त्यांच्याविषयी कृतज्ञताच वाटावी. परंतु वर्षअखेरीस उपक्रमांची यादी मांडताना एक गोष्ट सहज झाकली जाते. वेबिनारला किती जणी उपस्थित होत्या याची नोंद संगणक आपोआप ठेवतो. किती जणी उपस्थित राहूच शकल्या नाहीत, याची नोंद तो ठेवत नाही.

ही संख्या लहान नसावी, असे समजण्यास आधार आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाईल जवळ असलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण 54 टक्के होते. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांजवळ तो नव्हता. ग्रामीण भागातील शालेय मुलांविषयीच्या 2020 च्या ‘असर’ पाहणीत, घरात निदान एक स्मार्टफोन असलेल्या मुलांचे प्रमाण दोन वर्षांत 36.5 टक्क्यांवरून 61.8 टक्क्यांवर गेलेले दिसले. वाढ मोठी होती. पण घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दोंडाईच्याच्या परिसरातील द्वितीय वर्षाची एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. घरात एकच मोठा फोन, तो वडिलांबरोबर शेतावर जातो. संध्याकाळी परत आला की धाकट्या भावाची शाळा त्यावर भरते. हिच्या वाट्याला तो रात्री येतो, तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असतो. महाविद्यालय बंद असल्यामुळे ती ‘घरीच आहे’, आणि घरी असलेल्या मुलीला काम नसते असे कोणत्याही घरात होत नाही. पाणी, स्वयंपाक, आजीचे औषध, निंदणीचे दिवस. चार महिने सरतात. मग एखादे स्थळ येते. कार्याला पन्नास माणसांचीच परवानगी, म्हणजे मंडप नाही, गावजेवण नाही, कर्ज नाही. एप्रिल 2021 मध्ये तर ही मर्यादा 25 माणसे आणि दोन तास एवढ्यावर आली. ज्या बापाने मुलीच्या लग्नाच्या खर्चाची धास्ती वर्षानुवर्षे उराशी बाळगली, त्याला हा योग साधून घ्यावासा वाटला तर त्यात दुष्टपणा नव्हता. मुलीचे वय अठराच्या पुढे, म्हणून कायद्याचीही हरकत नाही. फक्त पदवी अर्धी राहते. तिने वर्गातून नाव काढल्याचा अर्ज कोणी लिहीत नाही, आणि ती येत नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्या वर्षी कोणीच येत नसते.

शेवटची ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. एरवी एखादी मुलगी आठ दिवस वर्गात दिसली नाही तर बाकावरची मोकळी जागा बोलते. मैत्रीण घरी डोकावते, बाई चौकशी करतात, बसचा वाहकसुद्धा विचारतो. साथीने ही मोकळी जागाच नाहीशी केली. म्हणून त्या वर्षी युवतीसभेचे खरे काम कार्यक्रम घेणे यापेक्षा हजेरी घेणे हे होते. आणि हजेरीही जमलेल्यांची नव्हे, न आलेल्यांची. त्यासाठी व्यासपीठ लागत नाही. नावांची यादी, साधा फोन आणि ‘तू कशी आहेस, परीक्षेचा अर्ज भरलास का?’ एवढे विचारणारी वर्गमैत्रीण पुरते. दहा मुलींची जबाबदारी एकीने घ्यावी, एवढी ही योजना सोपी आहे. ज्या मुलीशी वर्षभर कोणीतरी असे बोलत राहिले, तिला आपण अजून विद्यार्थिनी आहोत याचा विसर पडत नाही. घरातील माणसांनाही पडत नाही.

परतीची वाटही सरळ नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही असा निर्णय दिला. ऑक्टोबरमध्ये राज्यातील परीक्षा प्रामुख्याने ऑनलाइन झाल्या, म्हणजे फोनचा प्रश्न पुन्हा पुढे आला. 15 फेब्रुवारी 2021 पासून निम्म्या उपस्थितीत महाविद्यालये उघडण्यास परवानगी मिळाली, पण दुसऱ्या लाटेने ती उघडीप टिकू दिली नाही. अखेर 20 ऑक्टोबर 2021 रोजी राज्यातील महाविद्यालयांची दारे उघडली, आणि पुढच्या काही दिवसांतच एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागेही त्यांच्या संसाराची ओढाताण होती. परंतु खेड्यातील मुलीसाठी बस हेच महाविद्यालयाचे दार असते. खाजगी जीपमधून रोज एकटीने जाण्यास घरचे तयार नसतात. दीड वर्षाची खीळ निघाली, तोच दुसरी बसली. ज्या मुलींची यादी कोणाजवळ नव्हती, त्यांपैकी किती या दुसऱ्या खिळीमागे राहिल्या, हे कोणी सांगावे?

साथ आणि तिच्यामागे राहणारे दुःख खानदेशाला नवीन नाही. आज ज्यांचे नाव जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून लाभले आहे, त्या बहिणाबाई चौधरींच्या घरातही साथ शिरली होती. प्लेगमुळे त्यांच्या एका मुलाला कायमचे अपंगत्व आले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या आज सर्वांना ठाऊक आहेत, कारण घरातील कोणीतरी त्या ऐकल्या, उतरवून घेतल्या आणि जपल्या. पुण्यात 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी 10 मार्च रोजी देह ठेवला. मुलींची पहिली हजेरी घेणारी ही शिक्षिका अखेरच्या दिवसांत घरातून बाहेर काढलेल्या रुग्णांचा माग घेत होती. दोन्ही कामांत वृत्ती एकच, जो गणतीत नाही त्याला मोजणे.

साथ ओसरून काही वर्षे लोटली. युवतीसभांचे कार्यक्रम पुन्हा सभागृहात होतात, दीपप्रज्वलन होते, टाळ्या होतात. वार्षिक अहवालात उपक्रमांची संख्या असते, सहभागी विद्यार्थिनींची संख्या असते. त्यात आणखी एक रकाना घातला जावा: गेल्या वर्षी पटावर असलेल्या आणि या वर्षी न दिसणाऱ्या मुलींचा. त्यापुढे कारण लिहावे आणि कोणी चौकशी केली तिचे नाव लिहावे. हा रकाना भरण्यास खर्च येत नाही. तो भरताना मात्र संकोच वाटतो, कारण तेथे आपली उणीव दिसते. ती दिसावी, हाच त्याचा उपयोग आहे.

आणि हे काम केवळ महाविद्यालयावर सोपवून मोकळे होता येणार नाही. 2020 आणि 2021 मध्ये अर्धी पदवी ठेवून सासरी गेलेल्या मुली आज कोणाच्या तरी घरात सुना आहेत, कदाचित हे पान वाचणाऱ्याच्याच घरात. त्यांचे गुणपत्रक माहेरच्या कपाटात असेल. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून अशाच अडलेल्यांसाठी दार उघडे ठेवून आहे. त्या विद्यापीठात घर सांभाळूनही शिकता येते. मंडळाच्या पुढच्या बैठकीत एखाद्या ज्येष्ठ भगिनीने नव्या सुनेला शेजारी बसवून फक्त एवढेच विचारावे, ‘बेटा, तुझे शेवटचे वर्ष राहिले का?’ उत्तर कदाचित लगेच येणार नाही. थोडे थांबावे.