काळप्रवासाची पहिली कथा

दिल्लीच्या करोल बागेला लागून असलेल्या पुसा परिसरात राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. साऱ्या देशाची प्रमाणवेळ येथील सीझियमच्या घड्याळांवरून राखली जाते. सीझियम अणूच्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने झाली की एक सेकंद झाला, अशी १९६७ पासूनची व्याख्या आहे.

ह्या घड्याळांची एक गोष्ट शाळेतील मुलांस अवश्य सांगावी. समुद्रसपाटीपासून जितके उंच जावे तितका काळ किंचित जलद चालतो. दिल्लीची उंची सुमारे २१५ मीटर धरली, तर तेथील घड्याळ समुद्रसपाटीवरील तसल्याच घड्याळापेक्षा दिवसाकाठी सेकंदाच्या दोन अब्जांश भागाने पुढे जाते. एका सेकंदाचे अंतर पडण्यास सुमारे चौदा लक्ष वर्षे लागतील! फरक क्षुल्लक खरा. परंतु आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षतावाद खरा ठरतो तो अशाच क्षुल्लक फरकांच्या अचूक मोजणीने.

हाच फरक प्रचंड प्रमाणावर झालेला कल्पिला म्हणजे जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ ह्या कथेचे बीज हाती येते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ती ‘नारायण विनायक जगताप’ ह्या नावाने पाठविली गेली व तिला पहिले पारितोषिक मिळाले. टोपणनावात लेखकाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने दडलेली होती. नारळीकरांच्या मराठी कथामालिकेचा आरंभ झाला तो ह्या कथेने. कृष्णविवराच्या सीमेच्या त्रिज्येहून एक-तृतीयांशाने अधिक अंतरावर एखादे यान इंजिनाच्या बळावर स्थिर राहिले, तर त्यातील एका वर्षात दूरच्या जगाची दोन वर्षे उलटतात. आणखी जवळ गेल्यास कितीही. असा प्रवासी परतला तर तो भविष्यकाळातच परतला म्हणावयाचा.

काळप्रवासाच्या कथांशी मुलांची ओळख करून द्यावयाची तर पहिली कथा हीच असावी. पुष्कळ ग्रंथपाल आरंभ एच. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या ‘टाइम मशीन’पासून करू इच्छितील, आणि ती कादंबरी थोर आहे ह्यात शंका नाही. परंतु वेल्सचा प्रवासी ८,०२,७०१ ह्या वर्षी कसा पोहोचतो ह्याचे उत्तर यंत्राच्या दांड्यापाशीच थांबते. मुलास पहिल्या भेटीतच कळावयास हवे की काळाची गती सर्वत्र सारखी नाही, हे मोजलेले सत्य आहे. कल्पना त्यापुढे सुरू होते. ही सीमा एकदा दिसली, की वेल्सही अधिक गोड लागतो. अशा कथांवर परीक्षेचे प्रश्न मात्र काढू नयेत. चांगल्या कथेची त्याने जी दशा होते ती सर्वांच्या परिचयाची आहे.

भूतकाळात जाण्याची गोष्ट निराळी. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांचे असे एक उत्तर काढले, की ज्यात स्वतःच्या भूतकाळाकडे वळणारे मार्ग निघतात. पण आपले विश्व तसे असल्याचा काहीही पुरावा नाही. म्हणून पुढे जाणारास परतीची वाट नाही, आणि ‘कृष्णविवर’सारख्या कथेतील वेदना तेथेच आहे. करोल बागेत ती समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली कित्येक कुटुंबे तेथे वसली. सोडलेले गाव नकाशावर होते, पण सोडलेला काळ कोठेच उरला नव्हता.

दुसरे वाचन म्हणून ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ द्यावे. तीत १७६१ च्या लढाईचा निकाल वेगळा लागलेले जग आहे, आणि भूतकाळ बदलण्याऐवजी दुसराच इतिहास कल्पिण्याची युक्ती तेथे पाहावयास मिळते.

त्याआधी वर्गात एक गणित मात्र करून घ्यावे. आपल्या गावाची मीटरांतील उंची ९.८ ने गुणून प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भागावी आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणावी. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरासाठी उत्तर सेकंदाचे सुमारे साडेपंधरा अब्जांश येते.