पाठ आहे, पण पाळतो का?

जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या कहाण्या सांगणारे चित्रपट आमच्या घरातील मुलांना फार आवडतात. त्यांच्या आग्रहाखातर गेल्या महिन्यात आम्हीही एक पाहिला, 2010 सालचा 'द बुक ऑफ इलाय'. मारामारी बरीच आहे, म्हणून धाकट्यांना झोपवूनच बसलो.

युद्धाने सारे बेचिराख झाले आहे. घोटभर पाण्यासाठी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात. इलाय (डेन्झेल वॉशिंग्टन) तीस वर्षांपासून बायबलची एक प्रत घेऊन पश्चिमेकडे चालतो आहे. एका गावच्या दांडग्याला ती हवी आहे. श्रद्धेसाठी नव्हे, त्या शब्दांच्या जोरावर लोकांना मुठीत ठेवता येईल म्हणून. अखेर तो ग्रंथ मिळवतो, उघडतो, तर आत ब्रेल लिपी! तिकडे इलाय रिकाम्या हातांनी अल्कात्राझ बेटावर पोहोचतो आणि संपूर्ण ग्रंथ तोंडपाठ सांगतो. तो लिहून, छापून कपाटात ठेवला जातो. त्याच कपाटात कुरआनही आहे.

"अब्बा, हा तर हाफिज निघाला!" आमची थोरली उद्गारली.

आम्हाला यमामाची लढाई आठवली. तिथे अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या सल्ल्याने हजरत अबू बकर (रजि.) यांनी कुरआन एकत्र लिहून घेण्याचे काम हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे सोपवले. त्यांनी लिखित तुकडे जमवले आणि लोकांच्या छातीत जपलेले शब्दही पडताळले.

पण मनात रुतले ते वेगळेच. सुरुवातीला वाटेत लुटारू एका जोडप्यावर तुटून पडतात. इलाय पाहतो आणि आपल्या मार्गावरून ढळायचे नाही, असे स्वतःला बजावत आडोशालाच थांबतो. पुढे मात्र एका मुलीच्या प्राणासाठी तो हाच ग्रंथ सोडून देतो. आणि मग कबूल करतो की ग्रंथ जपण्याच्या नादात त्यातील शिकवणीप्रमाणे जगायचेच राहून गेले होते.

मागच्या रमजानमध्ये आम्ही तिलावत करत असताना खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवले. आजोबांना दवाखान्यात न्यायचे होते. "एवढा पारा संपवून येतो," आम्ही म्हणालो. उतरलो तेव्हा त्या एकट्याच त्यांना रिक्षात बसवून निघून गेल्या होत्या. आजोबा बरे झाले, अल्हम्दुलिल्लाह. पण ते बंद दार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर ते लावून टाका, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. फळ कोण खाणार, हा प्रश्नच नाही. शेवटच्या क्षणीही भले काम टाळायचे नाही. मग रोजच्या दिवसात, दारावर थाप पडल्यावर, आपण कशाची वाट पाहतो?

आता आमच्या घरी एक नियम झाला आहे. दार वाजले की आयतीवर खूण ठेवायची आणि आधी दार उघडायचे.