मोहोरबंद पेटी आणि ओळखीचा दुकानदार

एखाद्या घरांतील जुनें कपाट उघडलें म्हणजे त्या घराची आवड कळते. कोठें आजोबांनीं जमविलेल्या नाट्यसंगीताच्या तबकड्या असतात, कोठें बांधून ठेवलेले दिवाळी अंक असतात, तर कोठें पोस्टाच्या तिकिटांच्या वह्या. गेल्या पंचवीस वर्षांत या कपाटांत आणखी एका वस्तूनें जागा पटकाविली आहे. ती म्हणजे ॲनिमेशनच्या, अर्थात् चितारलेल्या आकृतींना चालतें-बोलतें करणाऱ्या चित्रपटांच्या, डीव्हीडी. मुलांसाठीं म्हणून आणलेली तबकडी वडील माणसेंच अधिक आवडीनें पाहूं लागतात, आणि तेथूनच संग्रहास आरंभ होतो. अशा संग्राहकांपुढें एक व्यावहारिक प्रश्न नेहमीं उभा असतो. हवी ती प्रत इंटरनेटवरून घरबसल्या मागवावी, कीं दुकानांत जाऊन, हातांत घेऊन, पारखून विकत घ्यावी? या प्रश्नाचें उत्तर बहुतेक लोक केवळ किंमतीवरून देतात. आमच्या मतें तेथेंच विचार अपुरा राहतो.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. मासिक वर्गणी भरून घरच्या पडद्यावर हजारों चित्रपट पाहतां येत असतां तबकड्या कशाला जमवाव्या, असें घरांतील तरुण मंडळी विचारतात. त्यास उत्तर असें कीं, वर्गणीनें पाहण्याची परवानगी मिळते, वस्तु मिळत नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें एचबीओ मॅक्स या अमेरिकन सेवेनें ‘इन्फिनिटी ट्रेन’ ही नांवाजलेली ॲनिमेशन मालिका आपल्या यादींतून काढून टाकली. वर्गणीदारांची संमति कोणीं विचारली नाहीं. आपल्या जिव्हाळ्याचें उदाहरण हवें असल्यास युगो साको व राम मोहन यांचा ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा जपान व भारत यांच्या सहकार्यानें १९९२ सालीं पुरा झालेला चित्रपट पाहावा. दूरचित्रवाणीवर तो पाहून मोठी झालेली एक पिढी आपल्याकडे आहे. परंतु देशभरच्या चित्रपटगृहांत तो लागण्यास २४ जानेवारी २०२५ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या काळांत ज्या घरीं त्याची तबकडी होती, त्या घरच्या मुलांना कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागली नाहीं. संग्रहाचें खरें प्रयोजन हेंच होय.

आतां संग्राह्य प्रत कोणती, हेंहि ठरविलें पाहिजे. डिस्ने कंपनीनें २००१ ते २००९ या काळांत ‘वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स’ या नांवानें आपल्या जुन्या लघुपटांचे व कार्यक्रमांचे संच काढले. ते पत्र्याच्या पेटींत घातलेले असत, प्रत्येक पेटीस क्रमांक असे, आणि चित्रपटांचे इतिहासकार लेनर्ड माल्टिन या संचांची ओळख करून देत. अशा संचाचें मोल पेटी, आंतील कागदपत्र व तबकड्या हें सर्व एकत्र असण्यांत आहे. त्यांतील एक वस्तु जरी गहाळ झाली, तरी चित्रपट राहतो, पण संच मोडतो. दुसरा प्रकार मुद्दाम निर्माण केलेल्या दुर्मिळतेचा. याच कंपनीची अनेक वर्षें अशी रीत होती कीं, एखादा गाजलेला चित्रपट कांहीं काळ विक्रीस ठेवावयाचा आणि मग तो बाजारांतून काढून घ्यावयाचा. १९३७ सालचा ‘स्नो व्हाइट’ डीव्हीडीवर प्रथम आला तो २००१ सालीं. पुढें विक्री थांबली, आणि २००९ सालीं नवी आवृत्ति निघाली. मधल्या काळांत ‘आतां कोठें मिळणार नाहीं’ या बोलीवर जो चढी किंमत मोजील, त्याची प्रत पुढच्या आवृत्तीच्या दिवशीं साधी जुनी प्रत होऊन बसते. म्हणून दुर्मिळ हा शब्द ऐकतांच पैशाची पिशवी उघडूं नये. वस्तु खरोखर संपली आहे, कीं धन्यानें तूर्त झांकून ठेवली आहे, हें आधीं पाहावें.

दुकानांची आजची स्थिति काय आहे? २००७ सालीं मोझर बेअर कंपनीनें चित्रपटांच्या तबकड्यांची किंमत एकदम खालीं आणली. व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस मिळूं लागली. त्या वेळीं कोपऱ्यावरच्या दुकानांतहि तबकड्यांचे ढीग दिसत. ती कंपनीहि पुढें दिवाळखोरींत निघाली. मुंबईस काळा घोडा भागांतील ‘रिदम हाउस’ हें संगीत व चित्रपट यांच्या रसिकांचें जुनें ठिकाण २०१६ सालच्या फेब्रुवारीअखेर बंद झालें. हा प्रवाह केवळ आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेंत बेस्ट बाय या मोठ्या साखळीनें २०२४ सालीं चित्रपटांच्या तबकड्या विकणें सोडून दिलें. सारांश, कीं दुकानांची निवड आतां पूर्वींसारखी मोकळी राहिलेली नाहीं. नव्या मालापेक्षां जुना माल विकणारीं दुकानें, पुस्तकांबरोबर तबकड्या ठेवणारीं दुकानें आणि रद्दीवाले, यांच्याकडेच आज शोध घ्यावा लागतो.

अशा दुकानांत जें मिळतें, तें यादींत दिसत नाहीं. तेथें प्रत डोळ्यांनीं पाहतां येते. तबकडी हलक्या हातानें कडेनें धरून प्रकाशांत तिरपी करावी. मध्यापासून कडेकडे सरळ गेलेला ओरखडा बहुधा फारसा बाधत नाहीं, परंतु वर्तुळाच्या दिशेनें गेलेला ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेंतच लांबवर पसरतो आणि चित्र अडखळवितो. तबकडी दिव्यासमोर धरल्यास बारीक छिद्रांतून उजेड दिसतो काय, हेंहि कळतें. शिवाय दुकानदार ओळखीचा असला म्हणजे वाईट निघालेली प्रत परत नेतांना अर्ज लिहावा लागत नाहीं. आणि आपली आवड त्याला ठाऊक असल्यास ‘तुमच्या उपयोगाचें कांहीं आलें आहे’ असा निरोपहि येतो. कोणत्याहि यंत्राच्या शिफारशींत हा जिव्हाळा नाहीं.

उलट पक्षीं, इंटरनेटची थोरवी त्याच्या पल्ल्यांत आहे. टोकियोच्या नाकानो भागांतील मांदाराके या जुन्या चित्रकथांच्या दुकानांतील वस्तु सांगलीस किंवा धारवाडास बसून पाहतां येते, ही लहान गोष्ट नव्हे. ज्या संचाच्या थोड्याच प्रती निघाल्या, त्याची एखादी प्रत आपल्या गांवच्या दुकानांत येण्याचा संभव फार अल्प असतो. तेथें दूरच्या विक्रेत्यावांचून गति नाहीं. पण या पल्ल्याबरोबर एक अडचण येते, ती अनेकांस उशिरां कळते. डीव्हीडीच्या व्यापारांत जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिका व कॅनडा हा पहिला, युरोप व जपान दुसरा, आणि भारत पांचवा. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर बहुधा लागत नाहीं. ब्लू-रे तबकडीची वाटणी निराळी आहे. तींत अमेरिका व जपान ‘ए’ विभागांत आणि भारत ‘सी’ विभागांत येतो. ‘ऑल रीजन’ यंत्र घरीं असेल तरच परदेशी प्रत मागवावी. दुसरी बारीक गोष्ट अशी कीं, चित्रपट मूळ सेकंदास २४ चित्रें या गतीचा असतो. युरोपांतील ‘पाल’ पद्धतीच्या तबकडीवर तो बहुधा २५ या गतीनें चालतो. त्यामुळें १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि गाण्यांचा सूरहि पुष्कळदां किंचित् चढतो. ज्यांचे कान तंबोऱ्यावर तयार झालेले आहेत, त्यांना हा फरक खटकल्यावांचून राहणार नाहीं.

याहून मोठें भय नकली मालाचें. विक्रेत्यानें दाखविलेलें छायाचित्र त्याच प्रतीचें असतें असें नाहीं. पुष्कळ वेळां तें कोठून तरी उचललेलें वेष्टनाचें चित्र असतें. म्हणून विकत घेण्यापूर्वीं प्रत्यक्ष प्रतीचीं, आणि विशेषतः तबकडीच्या खालच्या बाजूचीं, छायाचित्रें मागावीं. कारखान्यांत छापलेली तबकडी खालून रुपेरी, व दुपदरी असल्यास किंचित् सोनेरी दिसते; घरगुती यंत्रावर उतरविलेली तबकडी बहुधा जांभळट असते. वेष्टनावरील अक्षरें पुसट, शब्दांत चुका, आणि एकाच स्वस्त पेटींत एका निर्मात्याचे सर्व चित्रपट, हीं सगळीं संशयाचीं लक्षणें होत. एक निर्णायक उदाहरण सांगतों. डिस्नेचा १९४६ सालचा ‘साँग ऑफ द साउथ’ हा चित्रपट, त्यांतील कृष्णवर्णीयांच्या चित्रणावरील आक्षेपांमुळें, कंपनीनें डीव्हीडीवर कधींच काढलेला नाहीं. तेव्हां त्याची ‘अस्सल’ डीव्हीडी कोणी विकावयास काढली, तर ती पाहण्याचीहि आवश्यकता नाहीं. अस्सल अशी ती असूंच शकत नाहीं.

येथें मोहोरबंद प्रतीचा मोह आड येतो. न उघडलेली पेटी म्हणजे निर्दोष पेटी, अशी समजूत संग्राहकांत रूढ आहे, आणि तिच्यासाठीं अधिक पैसेहि मोजले जातात. परंतु तबकडी ही दोन चकत्या डिंकानें जोडून केलेली वस्तु आहे. जोड बिघडला किंवा आंतील धातूचा थर खराब झाला, तर ती न वापरतांहि मरते. वॉर्नर ब्रदर्स कंपनीच्या २००६ ते २००८ या काळांत तयार झालेल्या कांहीं तबकड्या अशा रीतीनें निकामी झाल्याचें त्या कंपनीनेंच २०२५ सालीं मान्य केलें आणि शक्य तेथें बदलून देण्याची तयारी दाखविली. म्हणजे वेष्टन जसेंच्या तसें, आणि आंत चित्रपट नाहीं, असा प्रसंग ओढवूं शकतो. म्हणून आमचें स्पष्ट मत आहे कीं, घरीं आलेली प्रत उघडावी, आरंभापासून शेवटापर्यंत एकदां चालवून पाहावी, आणि परतीची मुदत संपण्यापूर्वीं निर्णय घ्यावा. पाहण्याच्या वस्तूस न पाहतां जपणें हें नैवेद्य दाखवून ताट झांकून ठेवण्यासारखें आहे.

खर्चाचा हिशेबहि पुरा मांडावा. इंटरनेटवरील किंमतींत टपालहंशील, परदेशी मालावरील सीमाशुल्क आणि चलन बदलण्याचा बँकेचा आकार मिळविल्यावर दुकानदाराची ‘महाग’ किंमत कित्येकदां स्वस्त ठरते. देशांतील विक्रीस कायद्याचा आधार चांगला आहे. २०२० सालच्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणें विक्रेत्याची माहिती व परतीच्या अटी ग्राहकास दाखविणें बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें ग्राहकास आपण राहतों त्याच ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करतां येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा सल्लाहि मिळतो. परंतु सातासमुद्रांपलीकडच्या एखाद्या खासगी विक्रेत्याकडून या हक्कांची वसुली करणें किती जिकिरीचें आहे, हें सांगावयास नको. तेथें अमेरिकेंत वा इंग्लंडांत असलेल्या आपल्या माणसाच्या पत्त्यावर वस्तु मागवून, त्याजकडून तपासून घेऊन, येतां जातां ती आणविणें हाच सुरक्षित मार्ग होय.

शेवटीं एका गोष्टीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. तिचा संबंध पैशापेक्षां सचोटीशीं अधिक आहे. दुकानांत जाऊन अर्धा तास घालवावयाचा, दुकानदाराकडून कोणती आवृत्ति चांगली हें समजून घ्यावयाचें, आणि मग दाराबाहेर येऊन तीच प्रत चार पैसे स्वस्त म्हणून फोनवरून मागवावयाची, ही चाल सुशिक्षित घरांतहि बळावली आहे. कायद्यानें तो गुन्हा नव्हे. पण ज्याचें ज्ञान घेतलें त्याचा मोबदला दुसऱ्यास देणें हें व्यवहारांतहि शोभत नाहीं. आणि याच रीतीनें दुकानें एकामागून एक मिटलीं कीं, उद्यां विचारावयास कोणी उरणार नाहीं. ज्याचा सल्ला घेतला, त्याच्याकडूनच ती वस्तु घ्यावी. जी त्याच्याकडे नाहींच, ती खुशाल जगाच्या बाजारांतून आणावी. आमच्या मतें या दोन बाजारांची वांटणी अशी न्यायानें करतां येते.

घरांतील मुलांनाहि या व्यवहारांत भागीदार करून घ्यावें. प्रत कोठून आली, काय किंमत पडली, कोणत्या विभागाची आहे, शेवटची केव्हां चालवून पाहिली, यांची एक वही त्यांच्या हातीं सोपवावी. अशी वही ज्या घरीं नीट राहिली, त्या घरचा संग्रह वांटण्यांच्या वेळीं रद्दींत जाणार नाहीं, आणि नातवंडांना तो हातीं येईल तेव्हां त्यांतील चित्रपट खरोखर लागतीलहि.