संघाचा मालक हा बातमीचा मालक नसतो

क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा संघ बाळगणाऱ्या एखाद्या धनाढ्यावर आतल्या बातमीच्या जोरावर शेअर घेतल्या-विकल्याचा आरोप आला, की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. पहिला म्हणतो, ज्याच्याकडे हजारो कोटी पडून आहेत तो चार-पाच कोटींसाठी कशाला नियम मोडेल? दुसरा म्हणतो, मोडलाच असणार आणि सुटणारही आहे, मोठ्यांचं आजवर काय वाकडं झालंय? डहाणू लोकल विरारहून सुटून बोईसरला लागेपर्यंत हा वाद चालू शकतो आणि जागचा हलत नाही, कारण दोघेही माणसाकडे बघून बोलत असतात. बातमी नेमकी कोणती होती, ती कुणाच्या विश्वासावर त्याच्या हाती आली आणि बाजाराला ती कधी कळली, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते आरोपाचा निवाडा याच तीन प्रश्नांवर व्हायला हवा. त्यातला तिसरा आपण 'कागदोपत्री बाब' म्हणून झटकतो आणि तिथेच फसतो.

'श्रीमंताला गरजच काय' या युक्तिवादाला उत्तर द्यायला जो लुइस पुरेसे आहेत. इंग्लंडच्या टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल क्लबची मालकी वर्षानुवर्षे या अब्जाधीशाच्या कुटुंबाकडे. जुलै 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्यांच्यावर फौजदारी खटला भरला. आरोप असा, की आपल्या गुंतवणुकीमुळे कंपन्यांच्या आतल्या ज्या बातम्या कानावर येत, त्या ते मैत्रिणीला, हाताखालच्या माणसांना आणि आपल्या खासगी विमानाच्या वैमानिकांना पुरवत. मिराती थेरप्युटिक्स या औषध कंपनीच्या चाचण्यांचे निकाल जाहीर होण्याआधी त्यांनी दोन वैमानिकांना त्या कंपनीचे शेअर घेण्यासाठी प्रत्येकी 5 लाख डॉलर उसने दिल्याचं आरोपपत्रात होतं. लुइस यांना या पैशांची गरज होती का? मुळीच नाही. वैमानिकांना बक्षिसी द्यायची तर ती स्वतःच्या खिशातून देता आली असती. त्यांनी ती दुसऱ्या भागधारकांच्या खिशातून दिली. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. एप्रिलमध्ये वयाच्या 87 व्या वर्षी त्यांना 50 लाख डॉलरचा दंड आणि तीन वर्षांची देखरेखीखालची मुदत मिळाली, तुरुंग टळला. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना माफीही देऊन टाकली.

इथे दुसरा तट मान डोलावणार: बघा, सुटला ना! थांबा. याच अमेरिकेत डॅलस मॅव्हेरिक्स या बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्युबन यांच्यावर तिथल्या बाजार नियामकाने नोव्हेंबर 2008 मध्ये दावा लावला. जून 2004 मध्ये मामा डॉट कॉम या कंपनीच्या प्रमुखाने फोन करून, आम्ही सवलतीच्या भावात नवे शेअर काढतोय, असं त्यांना सांगितलं. क्युबननी आपले सगळे 6 लाख शेअर विकले आणि साडेसात लाख डॉलरचं नुकसान टाळलं, असा तो आरोप. दावा आधी फेटाळला गेला, वरच्या न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि ऑक्टोबर 2013 मध्ये डॅलसच्या ज्युरीने क्युबनना निर्दोष ठरवलं. खटला अडला होता तो मुख्यतः या मुद्द्यावर: ती बातमी गुप्त ठेवण्याचं आणि तिच्यावर व्यवहार न करण्याचं त्यांनी कबूल केलं होतं का? ते सिद्ध झालं नाही. या निकालात श्रीमंती आडवी आली नाही, कामालाही आली नाही. लुइस यांच्या बाबतीत विश्वासभंगाची कबुली आहे, क्युबन यांच्या बाबतीत तो शाबीत झाला नाही. दोघांना एकाच गाठोड्यात बांधणाऱ्याने दोन्ही प्रकरणं वाचलेली नाहीत, एवढंच म्हणता येईल.

आता घरच्या प्रकरणाकडे येऊ. आपल्याकडे हा विषय निघाला की मुंबई इंडियन्सचं नाव येतं, आणि त्या संघाच्या मालकांच्या रिलायन्स पेट्रोलियमचं प्रकरण सर्रास 'इनसायडर ट्रेडिंग' म्हणून सांगितलं जातं. घडलं ते असं: रिलायन्स इंडस्ट्रीजने 2007 मध्ये आपल्या उपकंपनीतला सुमारे 5 टक्के हिस्सा विकायचं ठरवलं. विकण्याआधी नोव्हेंबरच्या वायद्यांत बारा एजंटांमार्फत विक्रीचे सौदे करून ठेवले. आणि 29 नोव्हेंबरला, वायद्यांच्या शेवटच्या दिवशी, बाजार बंद व्हायच्या आधीच्या दहा मिनिटांत सव्वादोन कोटी शेअर रोखीच्या बाजारात ओतले. त्याने भाव खाली आला आणि वायद्यांचा हिशेब त्या खालच्या भावाने झाला. आपल्या बाजार नियामकाने, सेबीने, मार्च 2017 मध्ये कंपनीला 447 कोटी रुपये व्याजासह परत करायला सांगितलं आणि वर्षभर वायदेबाजारात बंदी घातली. तो आदेश लबाडीच्या आणि गैरव्यवहाराच्या नियमांखालचा होता. 2020 मध्ये अपील लवादाने तो 2 विरुद्ध 1 मताने कायम ठेवला. जानेवारी 2021 मध्ये सेबीने कंपनीचे अध्यक्ष मुकेश अंबानी यांना व्यक्तिशः 15 कोटींचा दंड केला. तो लवादाने डिसेंबर 2023 मध्ये रद्द केला, कारण त्या सौद्यांत त्यांचा हात असल्याचा पुरावा नव्हता. सेबी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे नोव्हेंबर 2024 मध्ये तिचं अपील फेटाळलं गेलं.

यातून 'मालक सुटला' एवढंच उचलणारे कंपनीवरचा आदेश विसरतात, आणि 'मालक निर्दोष, म्हणजे काही घडलंच नाही' म्हणणारेही तोच विसरतात. माझा आक्षेप वेगळा आहे. नोव्हेंबर 2007 च्या दहा मिनिटांचा एका माणसापुरता हिशेब लागायला नोव्हेंबर 2024 उजाडला. त्या दिवशी बोईसरमध्ये पहिलीत असलेलं पोर एव्हाना एमआयडीसीत कामाला लागलं असेल. सतरा वर्षांत दोषी माणूस निवांत राहतो आणि निर्दोषाच्या नावाला डाग चिकटून राहतो. विलंबाने दोन्ही तटांना खाद्य मिळतं. मोठ्यांना कायदा लागू नाही ही भावना निकालांपेक्षा या विलंबातून जास्त पिकते.

राज कुंद्रा यांच्या प्रकरणात तर दोन्ही तट एकाच वेळी चुकले. राजस्थान रॉयल्सचे हे माजी सहमालक. जुलै 2015 मध्ये लोढा समितीने सट्टेबाजीच्या प्रकरणात त्यांना क्रिकेटमधून कायमचं बाद केलं. पुढे 28 जुलै 2021 ला सेबीने कुंद्रा, त्यांच्या पत्नी शिल्पा शेट्टी आणि त्यांची वियान इंडस्ट्रीज यांना मिळून 3 लाख रुपयांचा दंड केला. त्या दिवसांत कुंद्रा एका वेगळ्याच फौजदारी प्रकरणात अटकेत होते, त्यामुळे बातम्यांची सरमिसळ झाली आणि 'इनसायडर ट्रेडिंगमध्येही सापडला' अशी आवई उठली. तसं नव्हतं. सेबीने वियानच्या शेअरमधल्या व्यवहारांची चौकशी इनसायडर ट्रेडिंगच्या अंगाने केली खरी, पण दंड झाला तो माहिती वेळेत न कळवल्याबद्दल. ऑक्टोबर 2015 मध्ये कंपनीने निवडक चौघांना 5 लाख शेअर दिले, त्यात पती-पत्नींना प्रत्येकी 1 लाख 28 हजार 800. अशा व्यवहाराची खबर प्रवर्तकाने दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीला आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत शेअर बाजाराला द्यायची होती. ती वर्षानुवर्षे दिली गेली नाही.

यावर उलट बाजूने उत्तर तयार असतं: मग काय, तांत्रिक चूक! एक फॉर्म भरायचा राहिला! हे मात्र मी अजिबात मान्य करणार नाही. आतल्या बातमीविरुद्धचा सगळा कायदा उभा आहे तो या फॉर्मवर. प्रवर्तक घेतोय की विकतोय, हे बाहेरच्याला लगेच कळण्याचा दुसरा मार्ग फारसा नाही. ज्याच्या डिमॅट खात्यात दोनशे शेअर आहेत त्याला संचालक मंडळाच्या बैठकीत कुणी बोलावत नाही. त्याला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरची ती चार ओळींची सूचना दिसते, तेवढीच. ती दोन दिवसांऐवजी काही वर्षांनी आली तर त्या मधल्या काळात तो आंधळ्यासारखा व्यवहार करत असतो. तिघांत मिळून 3 लाख हा आकडा पाहिला की वाटतं, बांद्र्याच्या एखाद्या फ्लॅटचं महिन्याचं भाडं तरी याहून जास्त असेल.

पुढचा आक्षेप जरा वजनदार आहे, कारण तो शिकलेली माणसं घेतात: यात लुटलं कोण जातं? घेणारा राजी, विकणारा राजी. याला उत्तर मुंबईतच 1996 साली मिळालं आहे. मार्च महिन्यात हिंदुस्थान लिव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रुक बाँड लिप्टनचे 8 लाख शेअर सुमारे 350 रुपयांनी घेतले. बाजारभावापेक्षा दहा टक्के जास्त देऊन, म्हणजे वरवर पाहता युनिट ट्रस्टचा फायदाच. पण लिव्हर आणि ब्रुक बाँड या दोन्ही युनिलिव्हरच्याच कंपन्या, आणि साधारण तीन आठवड्यांनी त्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. विकणाऱ्याला ते ठाऊक असतं तर त्याने त्या भावाला दिले असते का? सेबीने 1998 मध्ये लिव्हरला दोषी धरून युनिट ट्रस्टला 3 कोटी 4 लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. अपिलात तो आदेश फिरला; लिव्हर 'आतली' खरी, पण विलीनीकरणाची चर्चा वर्तमानपत्रांतून आधीच झाली होती, असं तिथे ठरलं. त्या निकालावर वाद घालता येईल. पण नुकसान कुणाचं, याबद्दल वादाला जागा नाही. युनिट ट्रस्टमध्ये पैसा होता शिक्षकांचा, कारकुनांचा, निवृत्तीची पुंजी ठेवणाऱ्यांचा. राजीखुशीने विकलं म्हणता, पण एकाच्या हातात उद्याचा कागद होता आणि दुसऱ्याच्या हातात नव्हता.

शेवटचा आक्षेप आमच्या तारापूर एमआयडीसीचाच. 'अहो, इथे तर प्लांटमधल्या सगळ्यांनाच आतलं कळतं, मग काय सगळ्यांना आत टाकणार?' कळतं, हे खरं. औषध कारखान्यात अमेरिकेचे तपासनीस यायचे असले की पंधरा दिवस आधीपासून भिंतींना रंग लागतो, लॉगबुकं तपासली जातात, क्वालिटीवाली मुलं रात्री प्लांटमध्येच झोपतात. तपासणी संपली की निघणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून गेटवरचा सिक्युरिटीवालाही अंदाज बांधतो. एखादी लाइन बंद पडणार असली तर कँटीनच्या ठेकेदाराला ते आधी कळतं, कारण थाळ्यांचा आकडा खाली येतो. आणि हे कळणं किती मोलाचं असतं! ल्युपिनच्या तारापूर कारखान्याची तपासणी मार्च-एप्रिल 2022 मध्ये झाली आणि अमेरिकी औषध प्रशासनाचं इशारापत्र आलं सप्टेंबरअखेर. तिथे कुणी काही गैर केलं असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. सांगायचं एवढंच, की तपासनीस गेट ओलांडून जातात आणि निर्णय जगाला कळतो, यांत महिने जाऊ शकतात, आणि त्या महिन्यांत बातमी एमआयडीसीतच राहत असते.

पण म्हणून 'सगळेच आतले' हा निष्कर्ष चुकीचा. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही गेटबाहेर ट्रक कमी दिसले आणि त्याने अंदाजाने शेअर विकले, तर तो त्याचा तर्क. कँटीनच्या ठेकेदाराची गोष्ट वेगळी. त्याचा कंपनीशी करार आहे आणि सेबीच्या 2015 च्या नियमांत असा करार असलेला माणूसही 'संबंधित' धरला जातो. कायदा त्याच्यापर्यंत पोचतो हे योग्यच. माझं म्हणणं इतकंच, की तो संचालकांच्या मजल्यापर्यंतही त्याच वेगाने पोचावा. किमान 10 लाख, आणि 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट यांपैकी जास्त असेल तिथपर्यंत दंड करायची तरतूद सेबी कायद्यात आहे, दहा वर्षांपर्यंत कैदेचीही आहे. पुरावा मिळावा म्हणून खबर देणाऱ्याला बक्षीस द्यायची योजना 2019 मध्ये आली, 2021 मध्ये त्याची कमाल रक्कम 1 कोटीवरून 10 कोटींवर गेली. कायद्यात उणं फारसं नाही, उणं आहे ते वेळापत्रकात.

मग कामगाराने स्वतःच्या कंपनीचे शेअर घ्यायचेच नाहीत का, असंही कुणी विचारतं. खुशाल घ्यावेत. कंपनीने ज्यांची नावं यादीत घातली आहेत, त्यांच्यासाठी तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन 48 तास उलटेपर्यंत व्यवहाराची खिडकी बंद असते. ती उघडली की मोठ्या व्यवहाराला आधी कंपनीची परवानगी घ्यायची आणि मग घ्यावे-विकावे. क्वालिटीच्या मॅनेजरला हे 48 तास लागू आहेत आणि स्टेडियममध्ये आपल्या संघासाठी टाळ्या वाजवणाऱ्या प्रवर्तकालाही तेवढेच.