आजार रक्तातला, बिल वस्तीच्या माथी

जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेशी आपली लढाई जुनी आहे. म्हणूनच जन्मासोबत आलेल्या आजाराची किंमत कोण मोजतं, हा प्रश्नही आपलाच आहे.

हिमोफिलिया हा तसा आजार. रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा फॅक्टर कमी असतो, रक्तस्राव लवकर थांबत नाही, सांधे निकामी होतात. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुख्यतः मुलांना होतो आणि आई वाहक असू शकते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो. तरी सासरी बोल लागतो तो सुनेलाच.

आता बिलाकडे या. आजार ओळखायला जनुकीय तपासणी लागत नाही. एपीटीटी आणि फॅक्टरची पातळी या रक्ततपासण्या पुरतात. जनुकीय तपासणी लागते ती मुख्यतः बहीण-मावशी वाहक आहे का हे कळायला आणि गर्भाच्या निदानाला. तिलाही क्रम आहे. आधी आजारी मुलाची तपासणी. तीव्र हिमोफिलिया ए असेल तर चाळीस-पंचेचाळीस टक्के रुग्णांत 'इंट्रॉन 22 इन्व्हर्जन' हा एकच बदल सापडतो. तो आधी पाहायचा, नाही सापडला तरच पूर्ण जनुक वाचायचं. घरातला बदल एकदा कळला की बहिणीची तेवढीच एक जागा तपासायची.

हा क्रम घरच्यांना कुणी सांगितला नाही, तर प्रत्येकाच्या नावावर पूर्ण तपासणी लावणं सोपं जातं. बिलावर एक ओळ, एक आकडा. त्यात प्रयोगशाळेचं किती, पाठवणाऱ्याचं किती, हे कळायला मार्ग नाही. कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी 2017 साली राज्यात कायद्याचा मसुदा झाला. कायदा झाला नाही.

चिंचपोकळीहून चालत जाता येईल अशा परळच्या केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. 1957 साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था हिमोफिलियाचं जनुकीय निदान करते. गिरणगावातल्या किती घरांना हे ठाऊक आहे?

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. महापालिकेची रुग्णालयं त्यात नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजना चालते ती दाखल रुग्णाच्या पॅकेजवर. वाहक बहीण दाखल होत नाही, ती नुसती रक्त देऊन घरी जाते. म्हणजे महात्मा फुल्यांच्या नावाची योजना नेमकी तिच्यापाशी थांबते.

कायदा मात्र आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे आणि कलम 25 उत्पन्नाच्या अटीवर जवळपास मोफत आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं.

'सरकारने कुठवर फुकट द्यायचं?' असं विचारणारे भेटतील. त्यांना सांगा, योग्य क्रमाने केलेली तपासणी कमी पैशांत होते. आणि काही वाहक बायकांचाही फॅक्टर कमी असतो. बाळंतपणात रक्तस्रावाचा धोका त्यांना असतो. ही चैन नाही, तिच्या जिवाचा प्रश्न आहे.

बाबासाहेब मजूर मंत्री असताना 1943 मध्ये प्रा. बी. पी. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचं काम दिलं गेलं. त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. आजारपण हा एकट्या कामगाराचा खर्च नाही, हे त्यामागचं तत्त्व. गिरण्या गेल्या. गिरणी कामगारांची किती नातवंडं आज कंत्राटावर, त्या विम्याबाहेर आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवूया. फॅक्टर तपासणी आणि रुग्णाच्या नात्यातल्या स्त्रियांची वाहक तपासणी बाह्यरुग्ण म्हणून योजनेत घ्या. प्रत्येक जनुकीय तपासणीचं तपशीलवार बिल सक्तीचं करा. केईएममधल्या सोयीची माहिती मराठीत प्रत्येक महापालिका दवाखान्यात लावा.

तोवर आपल्या विहारांत, मंडळांत एवढं तरी सांगा: पैसे भरण्याआधी विचारा, कोणती तपासणी, कुणाची आधी, कशासाठी. तपासणी कुठे करायची हे निवडण्याचा हक्क रुग्णाचा आहे.

जयभीम!