बोलवायचं की नाही?

गेल्या रविवारी जळगावला दादाच्या मुलाचा पहिला वाढदिवस झाला. मुलगा दत्तक; जन्मदाती म्हणजे वहिनीची धुळ्याची सख्खी बहीण. "त्यांना बोलवू नका, परत ओढ लागेल," असं काकू महिनाभर सांगत होती. वहिनीने ऐकलं नाही. धुळ्याची मंडळी आली, भरीत-शेवभाजी झाली, औक्षण दोघी बहिणींनी मिळून केलं. मग धाकटी स्वैपाकघरात जाऊन रडली. वहिनी मागोमाग गेली. आम्ही बाहेर उगाच फुगे फुगवत बसलो...

मला विचाराल तर वहिनीचंच बरोबर. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे रीतसर झालेलं दत्तक कुणालाच रद्द करता येत नाही. मग भीती कसली? संस्थेतून मूल घेतलं तर जन्मदात्यांची ओळख गोपनीय असते, ती गोष्ट वेगळी. इथे अख्ख्या नात्याला माहीत आहे! उद्या एखाद्या लग्नात कुणीतरी त्याच्या कानात सांगणारच. त्यापेक्षा घरातच कळलेलं बरं.

मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचे सयाजीराव महाराज झाला. त्यांचे सख्खे भाऊ संपतरावही पुढे बडोद्यातच होते. म्हणून काही दत्तक नातं कच्चं राहिलं नाही.

निघताना वहिनीला विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण खोटं किती वर्षं सांभाळू?"

पुढचा वाढदिवस धुळ्याला ठरलाय. काकूही येणार म्हणतेय.