हंबरड्याला इंग्रजीत काय म्हणाल?

मैत्रिणींनो, मुलांकडून ‘क्राय, वेल, हाऊल, मोन म्हणजे रडणे’ अशी माळ पाठ करून घेऊ नका. आवाज वेगळा तसा शब्द वेगळा! ‘हाऊल’ कुत्र्या-लांडग्याचं, मान वर करून ओरडणं. ‘वेल’ (जाईची नव्हे हं!) म्हणजे हेल काढून रडणं, भोंग्यालाही हाच शब्द. ‘मोन’ तर नुसतं कण्हणं. आणि ‘कीन’? मुलं ‘उत्सुक’ लिहून मोकळी होतात. पण आयर्लंडच्या बायका मयतापाशी त्याचे गुण गात रडत, त्यावरूनही इंग्रजीत एक ‘कीन’ आला आहे. आपल्या नगरकडच्या खेड्यांतही बाया अशाच गुण आठवून गळा काढतात की!

आपल्या हंबरड्यात मात्र गाय आहे, वासरासाठी हंबरणारी. ते ऐकलेल्या मुलाला अर्थ सांगावा लागत नाही. पण हल्ली शिकलेल्या घरांत मोठ्यानं रडणं गावंढळ ठरलंय. सुनेचे वडील गेले तरी तिला म्हणायचं, ‘हळू गं, शेजारी ऐकतील.’ मला नाही बाई पटत. तिनं काय स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडायचं?

भाषांतरात ‘तिनं हंबरडा फोडला’ आलं, तर ‘वेल’ लिहायला सांगा. ‘क्राय’मध्ये साधी हाकही येते.